गंजाने धरून ठेवले ते

“हात नका लावू त्या गाडीले!”

आपल्या नवऱ्याचा आवाज एवढा मोठा असू शकतो, हे ताईबाईला लग्नाच्या तेराव्या वर्षी, त्या दिवशी पहिल्यांदा कळले. भाकरी थापता थापता ती तशीच पिठाच्या हातांनी अंगणात धावली. भंगारवाला छगन बैलगाडी आणि दोन माणसे घेऊन गोठ्यापाशी उभा होता, आणि गोठ्याच्या दाराला दोन्ही हात आडवे लावून झुलाल उभा होता... नऊ वर्षे ज्याने या घरात मान वर करून कुणाकडे पाहिले नव्हते, तो झुलाल!

“माले सुकदेवभाऊनी धाडं,” छगन बिचारा चाचरत म्हणाला. “मोटार उचली लई जाय म्हने.”

सुकदेव म्हणजे ताईबाईचा धाकटा दीर. दीपनगरच्या नव्या वीजकेंद्रात साहेब झालेला, क्वार्टरमध्ये राहणारा आणि सणावारीच पारोळ्याला उगवणारा. त्याने तिकडे बसून हुकूम सोडायचा आणि इकडे थोरल्या भावाला विचारायचेही नाही! ताईबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ओट्यावरून सासूबाई, भिकुबाई, बोलल्या. झुलालशी नव्हे, ओट्याच्या खांबाशी. गेली नऊ वर्षे त्या थोरल्या मुलाशी खांबाच्या तोंडूनच बोलत होत्या.

“त्याले सांगा... बापले खाई गयी ती गाडी. जाऊ द्या भंगारमा. आते कसाले बोंबलस तो?”

“माय, आखाजीलोंग थांब,” झुलाल म्हणाला. “मी चालू करस तिले. याच गाडीमा बसाडीसन कमलले माहेरले लई येसू. नही चालनी, ते मीच लोटत छगनना दारमा नेसू.”

कमलचे नाव निघताच भिकुबाईंचा चेहरा हलला. आपल्या एकुलत्या लेकीला त्यांनी नऊ वर्षांत पाहिले नव्हते. त्या आत वळल्या, जाता जाता कमरेची किल्ली सोडून त्यांनी खांबाजवळ ठेवली, आणि गोठ्याचे कुलूप नऊ वर्षांनी उघडले.

नऊ वर्षांपूर्वी, साठ सालच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी ताईबाईचे सासरे, आबा, दोन्ही मुलांना घेऊन याच मोटारीतून सोनगीरला निघाले होते, कमलबाईला माहेरपणाला आणायला. लेकीला आणायला बैलगाडी जाते, आमच्या कमलला मोटार जाईल, ही आबांची केवढी हौस! मुकटीच्या पुढे नाल्याच्या मोरीवर गाडी आदळली, आणि आबा रस्त्यावरच गेले. पोलिसांपुढे झुलाल एवढेच म्हणाला, “गाडी मी चालवत होतो.” सहा महिन्यांचा तुरुंग झाला. जिनिंगच्या मालट्रकवरची ड्रायव्हरकी गेली. आबा ज्या वाटेने येऊ शकले नाहीत त्या वाटेने मी माहेरी यायची नाही, असे कमलबाईने निरोपात कळवले, आणि तिला आणायला जाण्याची हिंमत मग कुणालाच झाली नाही.

हे सगळे ताईबाईने गिळले असते हो! अपघात होतात. पण दर आखाजीला आबांच्या नावाने मातीची घागर भरायची असते, तिच्यावर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून थोरल्या मुलाने बापाला पाणी द्यायचे असते, आणि त्या घागरीला झुलालचा हात लावायचा नाही असा दंडक भिकुबाईंनी घातला होता. “बाप मारनारा हातनं पानी मन्हा मालकले नको!” म्हणून सुकदेव घागर भरायचा. थोरला मुलगा जिवंत असताना, समोर उभा असताना, धाकट्याने बापाला पाणी द्यायचे! आणि झुलाल दाराआड उभा राहून बघायचा... अश्रूसुद्धा न ढाळता! त्या दृश्याने ताईबाईचे अंतःकरण दर वर्षी नव्याने विदीर्ण होई, आणि दर वर्षी तिचा संताप एक वर्षाने मोठा होई.

त्या घागरीसाठीच तिने पदर खोचला. गाडी चालू झाली, कमलबाई आली, तर सासूचे मन वितळेल... आणि त्या मातीच्या घागरीला तिच्या नवऱ्याचा हात लागेल. तिला दुसरे काही नको होते.

होळीपासून कामाला सुरुवात झाली. कुडाच्या फटीतून शिरून मोटारीत कोंबडीने अंडी घातली होती, मागच्या गादीत उंदरांचा संसार होता, आणि पत्रा असा गंजला होता की बोट टेकवले की भुगा पडायचा. इंजिन पार जाम! झुलालने त्यात घासलेट आणि तेल ओतून ते आठ आठ दिवस भिजत ठेवले. ताईबाई काचकागदाने पत्रा घासत बसे. दिव्यांच्या पितळी कड्या तिने चिंच आणि राख लावून अशा लख्ख केल्या की त्यांत तिला स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसू लागला. दुपारभर तिच्या हातात घासलेटाची बाटली असे. ज्या बोल्टावर झुलाल बोट ठेवील, त्याच्यावर तिने चार थेंब सोडायचे, की दोन दिवसांनी तो बोल्ट पान्याला मान देई. घासलेटाच्या वासाने भाकरीही लागेनाशी झाली. पण कामात वाकलेला झुलाल कधी कधी शीळ घालायचा! ती शीळ तिने लग्नानंतरच्या चार वर्षांत ऐकली होती, त्यानंतर नाही.

मध्ये एकदा सुकदेव येऊन गेला. स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांत, ऑफिसची जीप स्वतः चालवत!

“भाऊ, कशाला हे उकरून काढताय? मायला त्रास होतो,” तो शहरी मराठीत म्हणाला. “आणि वहिनी, ही कामं बायकांची नाहीत.”

“मंग तुम्ही करा ना! बाह्या वर करा,” ताईबाई फणकारली. त्याने गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. घाईघाईने जीपमध्ये बसून तो निघून गेला.

आखाजीला पंधरा दिवस राहिले होते. झुलाल गाडीखाली पडून काही तरी आवळत होता.

“आत बठ, आनि क्लचवर पाय दाब,” तो खालून म्हणाला.

ताईबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसली. झुलालच्या खांद्यालाही न लागणारी ती, तिचा पाय क्लचवर अलगद पोचला. ब्रेकवरही पोचला. चाक हातात सहज आले. तिला गंमत वाटली.

“आते तुम्ही बठा बरं!” ती हौसेने म्हणाली.

“नंतर बठसू.”

पण तिने हट्टच धरला, आणि झुलाल नाइलाजाने आत शिरला. शिरला कसला, अडकला! त्याचे गुडघे चाकावर आपटले, पाय ब्रेकवरून उचलायला जागा राहिली नाही, मान छताला लागली. ताईबाईने हसत हसत सीट मागे सारायची कडी ओढली. कडी हलेना. सीटखालच्या पट्टीला चार खाचा होत्या, आणि सीटचा खिळा अगदी पुढच्या, पहिल्या खाचेत गंजून पट्टीशी एकजीव झाला होता.

तिचे हसू थांबले.

अपघातानंतर गाडी बैलांनी ओढून आणली होती. बाहेरून खिडकीतून हात घालून कुणी तरी चाक धरले होते. मग गोठ्याला कुलूप, आणि किल्ली सासूच्या कमरेला. म्हणजे नऊ वर्षांत या सीटवर कुणी बसले नव्हते. मग त्या दिवशी ती पहिल्या खाचेपर्यंत कुणी ओढली होती? एवढ्याशा जागेत झुलाल पारोळ्याहून मुकटीपर्यंत बसून जाणे शक्य तरी होते का? तिच्याएवढ्या उंचीचा एकच पुरुष या घरात होता...

“सुकदेवभाऊ!” तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. “गाडी सुकदेवभाऊ चालाडी ऱ्हायंता!”

झुलालने तिच्या तोंडावर हात ठेवला.

“आबानं डोकं मन्हा मांडीवर व्हतं,” तो कसाबसा म्हणाला. “म्हने, सुकाले संभाळजो... तेवढंच बोलना आबा. अठरा वरीसना पोऱ्या, लायसन नही, कालेजमा नाव घालेल. त्याना जलम वाया गया असता.”

“आनि मन्हा जलम?” ताईबाईने त्याचा हात झिडकारला. “बाप मारनाराची बायको म्हनीसन मी नऊ वरीस या घरमा वावरी ऱ्हायनी. माले सुद्धा सांगं नही? मी कोन व्हती तुमनी?”

सासूवर ती चिडली होती, दिरावर चिडली होती. पण आजचा हा संताप त्या साऱ्यांहून वेगळा होता, कारण तो ज्याच्यासाठी ती नऊ वर्षे जळली त्याच्यावरच होता! केवढा हा त्याग, आणि केवढा हा अन्याय... तिला न विचारता तिच्याही वाट्याचे आयुष्य देऊन टाकण्याचा!

“तुले मन्ही आन शे,” तो हात जोडून म्हणाला. “माय समोर एक शबद बोलजो नको. त्या पट्टीवर रोज घासलेट टाक. आखाजीलोंग मोकळी व्हई. सीट मांगे सारी लेसू, म्हंजे कोनले समजाव नही.”

नवऱ्याची शपथ! ती मोडणे ताईबाईला मरणप्राय होते. तिने ओठ घट्ट मिटले आणि बाटली उचलली.

पण शपथ तोंडाला होती, बाटलीला नव्हती!

रोज दुपारी ती बाटली रिकामी करी. दारांच्या बिजागऱ्यांना घासलेट मिळाले, चाकांच्या नटांना मिळाले, टपाच्या कड्यांनाही मिळाले. सीटखालची ती पट्टी मात्र कोरडी ठणठणीत राहिली. झुलाल मधूनच कडी ओढून बघे आणि म्हणे, “आजून भिजू दे.” ती रिकामी बाटली त्याला दाखवी, आणि त्या भोळ्या माणसाला ते पटे.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सुकदेव घागर भरण्यासाठी म्हणून येऊन पोचला होता. अंगणात गाडी उभी होती. झुलालने हँडल मारले. एकदा, दोनदा... पाचव्या वेळी मोटार खोकली, थरथरली आणि चालू झाली! भिकुबाईंनी बॉनेटवर कुंकवाचे बोट लावले. आबांच्या आठवणीने त्यांचे डोळे वाहू लागले.

झुलालने दार उघडून सीटची कडी ओढली. सीट हलेना. त्याने हातोडीचे दोन ठोके घातले. तरी हलेना. त्याने वळून ताईबाईकडे पाहिले... आणि तिने नजर खाली घेतली नाही.

“त्याले सांग, उशीर व्हई ऱ्हायना,” सासूबाई सुनेला म्हणाल्या.

आता थांबता येत नव्हते. झुलाल आत शिरला. गुडघे चाकाच्या दोन्ही बाजूंना वर आले, पाठीची कमान झाली. त्याने चाक वळवायचा प्रयत्न केला. ते मांडीला अडले. ब्रेकवर पाय टाकायला गेला, पाय उचलेचना.

भिकुबाई बघत राहिल्या. वाकून त्यांनी कडी पाहिली, पट्टीवरचा नऊ वर्षांचा गंज पाहिला, तो बोटाने चाचपला. मग त्यांचा हात आपल्या कमरेला, किल्लीच्या जागी गेला.

“झुलाल...”

नऊ वर्षांनी आईच्या तोंडून त्याचे नाव आले!

“झुलाल, त्या दिनले तू असाच बठेल व्हता का?”

झुलालने मान चाकावर टेकली. भिकुबाई हळूहळू धाकट्याकडे वळल्या. काही विचारावेच लागले नाही. सुकदेव तिथेच मातीत कोसळला, आणि त्याची ती इस्त्रीची शहरी भाषा कुठल्या कुठे गेली.

“माय, मी व्हतू! गाडी मी चालाडी ऱ्हायंतू! भाऊनी सांगं, तू गप ऱ्हाय... आनि मी गप ऱ्हायनू वं माय... बापनी घागर भरत ऱ्हायनू!”

भिकुबाईंनी त्याला मारले नाही, उचललेही नाही. त्या गाडीच्या दारापाशी गेल्या, आणि चाकाशी अडकलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे गुडघे दोन्ही हातांनी धरून ढसाढसा रडू लागल्या.

“नऊ वरीस मन्हं बोलनं खांबले... आनि तू आयकत ऱ्हायना? एक डाव तरी वरडना असता रे मन्हा राजा!”

“माय, पाय नको धरू,” झुलाल हुंदके देत म्हणाला.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. आवाज कठोर झाला.

“सुकदेव, ऊठ. बठ तठे. तुना मापनी शे ती सीट. बहीणना दारमा जाय आनि तुनाच तोंडघाई खरं सांग तिले. झुलाल आबानी जागावर बठी. बहीणले आननारा मुऱ्हाळी तोच शे आज.” त्यांनी आतून आबांची टोपी आणून झुलालच्या डोक्यावर ठेवली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. भिकुबाई सुनेजवळ आल्या.

“रोज बाटली रिकामी व्हये. ओटावरून दिसे माले,” त्या म्हणाल्या. “मंग ती पट्टी कोरडी कशी?”

“माले न बोलानी आन व्हती,” ताईबाई एवढेच म्हणाली.

म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ताईबाईला रडू आले. पण राग गेला नाही. नऊ वर्षे काही एका हाताने पुसली जात नाहीत.

सुकदेवच्या तोंडून खरे ऐकून कमलबाईने नऊ वर्षांचा हट्ट सोडला होता, आणि दुसऱ्या दिवशी ती अंगणात होती. झुलालने घागर भरली, आंबा ठेवला, डांगर ठेवले, आणि बापाला पाणी देताना तो लहान मुलासारखा रडला. सुकदेव मागे हात जोडून उभा होता. तिन्ही भावंडांकडे ताईबाईने डोळे भरून पाहिले, आणि ती गपचूप बाटली घेऊन गाडीकडे गेली.

थोड्या वेळाने झुलाल तिला शोधत आला. ती सीटखाली वाकून पट्टीवर घासलेट ओतत होती.

“आते कसाले?” त्याने अपराध्यासारखे विचारले.

“कमलबाईले सासरी घालाडाले तुम्ही गाडी चालाडशात म्हनीसन,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “आनि आयका. पुन्हा कोनासाठी तुरुंगमा जानं व्हई, ते पयले माले विचारजात!”

झुलालने मान हलवली. तिने बाटली पालथी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तशीच धरून ठेवली.