चौथा घास

धुळ्यातल्या देवपूरच्या त्या मंगल कार्यालयात मनवार जोरात चालली होती. मनवार म्हणजे मारवाडी पंगतीतला आग्रह – पाहुण्याने नको म्हटलं की वाढणाऱ्याचा हात आणखीच सैल सुटायचा. नवरदेवाचा चुलतभाऊ श्रेयांस मूगडाळीच्या हलव्याचं भांडं घेऊन फिरत होता आणि अजून एकाही ताटापुढे हरला नव्हता.

रुचीने मात्र ताटावर हात आडवा धरला.

“जळगावच्या पाहुण्यांना धुळ्याचा हलवा चालत नाही वाटतं?”

“माझे चार घास झालेत.”

“चार? चार घासांत आमच्याकडे नुसती चव कळते...”

शेजारी बसलेल्या आईने, कुसुमलताबाईंनी, लेकीला कोपराने ढोसलं. येताना गाडीत बजावून झालं होतं – कोणी विचारलं तर ऍसिडिटी सांग, याच घरात तुझ्या लग्नाचं बोलणं काढायचंय. आणि ज्याच्यासाठी काढायचं, तो हाच हलवा वाढणारा.

रुचीला ऍसिडिटी कधी झालीच नव्हती. सव्विसाव्या वर्षी मधुमेह जडला होता, रोज इन्सुलिनची सुई, वर वाढत चाललेलं वजन. पाच महिन्यांपूर्वी तिने स्वतः डॉक्टर गाठला, स्वतःच सही केली. आयुष्यात एवढं धाडस तिने दुसरं केलं नव्हतं. ते लपवायचं?

“माझं ऑपरेशन झालंय,” ती त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली. “मधुमेहासाठी. जठर लहान केलंय, आतड्याची वाट वळवलीय. इन्सुलिन बंद झालं. पण एका वेळी चार घासच जातात, आणि गोड नाहीच.”

आजूबाजूच्या पंगतीतल्या माना वळल्या. आईने डोळे मिटून घेतले. श्रेयांसच्या हातातला डाव क्षणभर तसाच राहिला... मग त्याने तो भांड्यात ठेवला, तिला हात जोडले आणि पुढे गेला.

“गेलं स्थळ,” आई जळगाव येईपर्यंत म्हणत होती. रुची खिडकीबाहेर बघत राहिली. वाईट तिलाही वाटत होतं – त्याचे डोळे हसरे होते, काय करणार – पण मान काही खाली जाईना.

आठव्या दिवशी तो त्यांच्या साड्यांच्या दुकानात हजर.

“साडी दाखवू?”

“नको. मनवार अर्धी राहिली होती.” त्याने छोटा डबा उघडला. आत मूगडाळीच्या चिल्याचे, म्हणजे तिखट धिरड्याचे, मोजून चार तुकडे. “डॉक्टर मित्राला विचारून स्वतः केलाय. आधीचे दोन करपले.”

“म्हणजे दया आली माझी.”

“दया?” तो चपापला. “भरल्या पंगतीत असं बोलायची माझी तरी छाती नाही. मला तर तुझा... तुमचा अभिमान वाटला. हात उगाच जोडले का?”

रुचीला हसू आवरेना. “चारच घास आहेत हो माझ्याकडे. पाहुणचार करून कंटाळाल.”

“तीन तुमचे तुम्ही खा.” त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “चौथा... रोज माझ्या हातचा. एवढंच मागायला आलोय.”

काउंटरमागे आई श्वास रोखून उभी होती. रुचीने डबा जवळ ओढला. तीन तुकडे खाल्ले, सावकाश, एकेक नीट चावून. मग मान ताठ ठेवूनच तिने त्याच्यापुढे तोंड उघडलं.