मुखत्यार झोप

चौदा तासांची ड्यूटी संपवून रमाकांत चव्हाणके जागे झाले, तेव्हा डॉक्टर फरीदा मुकादम त्यांच्या डोक्यावरची तारांची टोपी सोडवत होत्या. झोपणं हीच त्यांची ड्यूटी होती. ज्या झोपेपायी त्यांनी चाळीस वर्षं बायकोची बोलणी खाल्ली, तिला चंद्रावर येऊन असा मान मिळाला होता. बोगद्यातल्या वसाहतीत जो तो आदरानं विचारी, "काका, झोप नीट लागली ना?"

विचारायला कारणही तसंच होतं. महिन्याभरापूर्वी सूर्यावरच्या वादळानं वसाहतीची सगळी स्वयंचलित यंत्रं जळून गेली. श्वासाची हवा शेवाळाच्या टाक्यांतून येई, आणि त्या टाक्या आता दर वीस मिनिटांनी हातानं घुसळाव्या लागत. पृथ्वीवर मदतीचं यान बांधून ते इथं यायला नऊ महिने लागणार होते आणि धडधाकट माणसं उरली होती पाच. न झोपता माणूस टिकणार तरी किती? तिसऱ्या आठवड्यात मंजिरी साठेनं शेवाळाऐवजी पिण्याच्या पाण्याचं पिंपच तासभर घुसळलं. सगळे धापा टाकू लागले तेव्हा कुठं चूक कळली.

मग डॉक्टरांनी 'मुखत्यार झोप' काढली. आपल्या वतीनं सही करायला आपण मुखत्यार नेमतो ना, तशी ही झोप. जागेपणी मेंदूत कचरा साठतो आणि झोप तो धुऊन काढते. दोन टोप्यांनी दोन मेंदू जोडले, की एकाच्या झोपेच्या लहरींवर दुसऱ्याचाही मेंदू धुतला जातो, तोही चालताबोलता. रमाकांतांचे दोन्ही पाय क्रेनखाली सापडून निकामी झाले होते. बसून खाणं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून ते सगळ्यांआधी पुढे झाले आणि मंजिरीच्या वाटणीचं झोपू लागले. चार दिवसांत मंजिरी टवटवीत झाली. तिची रेवा जेमतेम वर्षाची, वसाहतीतलं एकुलतं एक मूल. तिचा श्वास आपल्या झोपेवर चालतो, या विचारानं काका सुखात होते.

"डॉक्टर, काल रेवा चालली," आज उठल्या उठल्या ते म्हणाले.

"मंजिरीनं सांगितलं?"

"छे, मी बघितलं की. पाऊल टाकायला गेली अन् उडालीच वर. इथं वजन कुठं लागतंय पोरीला. मी वरच्या वर झेलली तिला." काकांनी आपलं मनगट पाहिलं. "पण डॉक्टर, झेलणाऱ्या हातावर मंजिरीचं घड्याळ होतं."

डॉक्टरांनी मंजिरीला बोलावलं. ती रेवाला कडेवर घेऊन आली. रेवा चालायला लागली का, असं विचारल्यावर ती हसली. "अजून कुठं? चालेल आता एवढ्यात."

डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं. मग त्यांनी दोघांना समजावून सांगितलं. "झोप दुसरंही एक काम करते. दिवसभराच्या आठवणी दुधासारख्या पातळ असतात. झोपेत त्यांना विरजण लागतं, मग त्या घट्ट होतात. मी कचऱ्यापुरताच विचार केला. दूध मंजिरीचं, आणि दही काकांच्या भांड्यात लागतंय."

"मग माझ्या भांड्यात?" मंजिरीनं विचारलं.

"आधीच्या सवयी राहतात. नवं घडलेलं, शिकलेलं काही राहत नाही."

"परत मिळेल?"

"नाही. थांबायचं तर आजच थांबू. पण मग हवा..."

यान यायला अजून आठ महिने होते. मंजिरीनं रेवाकडे पाहिलं, तिच्या नाकाखाली बोट धरलं, आणि टोपी पुन्हा डोक्यावर घट्ट बसवली. "काका, तुम्ही फक्त मला सांगत जा."

काका सांगू लागले. पण सांगितलेलं तरी तिच्याजवळ कुठं राहणार? तेही काकांच्याच झोपेत जमा होई. त्यामुळे रोज पहिल्यापासून सुरुवात. विरजणाची गोष्ट सांगायची, मग पहिलं पाऊल, मग पुढचं सगळं. मंजिरी रोज नव्यानं हादरे, रोज नव्यानं टोपी घट्ट बसवी आणि रेवा उडाली त्या ठिकाणी रोज टाळ्या वाजवून हसे. एकच गोष्ट दोनशे वेळा सांगून दोनशे वेळा ताजी दाद मिळावी, हे भाग्य कीर्तनकाराच्याही वाट्याला येत नाही. काका खरोखर आनंदात होते. नाशिकच्या घरी चार माणसांत त्यांचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

यान ठरल्या दिवशी आलं. टोप्या उतरल्या. परतीच्या प्रवासात मंजिरी स्वतःची झोप स्वतः झोपली. दुसऱ्या दिवशी काकांनी सवयीनं सुरुवात केली, "पाऊल टाकायला गेली अन्..."

"उडालीच वर. काका, हे काल सांगितलंत तुम्ही." मंजिरीचे डोळे चमकत होते. तिला कालचं आठवत होतं. काकांनाही फार बरं वाटलं, पण उरलेली गोष्ट मात्र त्यांनी तशीच गिळली.

पृथ्वीवर उतरायच्या आदल्या दिवशी रेवा झोपेला आली आणि किरकिरू लागली. मंजिरीनं थोपटलं, गाणं म्हटलं, फेऱ्या मारल्या. पोर काही ऐकेना. काका समोरच्या खुर्चीत हात मांडीवर दाबून बसले होते. शेवटी त्यांना राहवेना.

"डावा कान चोळ तिचा. वरची पाळी, हलक्या हातानं."

मंजिरीनं चोळला. रेवा एक मोठा जांभईचा सूर काढून झोपली.

"किती माहीत आहे तुम्हाला तिचं," मंजिरी कौतुकानं म्हणाली. "कुठं शिकलात?"

"तुझ्याच हातांनी, पोरी."

ती हसली. आपण सांगलीला राहायला जाणार, तिथं रेवाचे बाबा वाट पाहताहेत, तुम्ही नाशिकहून अधूनमधून जरूर येत जा, असं ती अगदी मनापासून सांगत राहिली. काका मान डोलावत होते. पोरगी सुखरूप होती, भरपूर हवेत चालली होती, आणखी काय हवं, असं ते मनाला बजावत होते. तरी उद्या आपलं लेकरू दुसऱ्या कुणाबरोबर जाणार आणि त्या बाईला त्याची पुरती सवयही नाही, या काळजीनं त्या दिवशी त्यांना झोप लागली नाही.