तीनदा पुसलेला कोड

हसा, हसा, पोरांनो. तुम्हाला वाटतं, मशीन लावलं की निदान झालं. असाच एक दीडशहाणा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. माझ्याच हाताखाली पाना धरायला शिकला आणि चार दिवसांत मलाच शिकवायला लागला. सगळे त्याला स्कॅनरशेठ म्हणायचे. गाडीतले दोष वाचायचं मशीन त्यानं विकत घेतलं आणि त्याच दिवशी अक्कल गहाण टाकली. हात काळे करणारे आम्ही सगळे त्याच्या लेखी अडाणी.

तर ऐका. घडलेली गोष्ट आहे, आणि तो मोबाईल खाली ठेव आधी.

गुरुवारची रात्र, सव्वाअकरा वाजलेले. शेठ ताईकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे गेला होता. तिचा फोन आला होता, "अरे, गाडीत पिवळा दिवा लागलाय. स्टिअरिंग मधेच जड होतंय. सकाळी सहाला पोरांना घेऊन निघायचंय, जरा बघून जा ना." एवढंच काम. घराखालच्या गॅरेजात गाडी उभी होती. ह्यानं मशीन जोडलं आणि सीटवर ऐटीत रेलून बसला.

पडद्यावर आलं, 'स्टिअरिंगशी संपर्क नाही.'

हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंगचं चाक फिरवायला मोटर मदत करते. तिच्या डब्याशी बाकीची गाडी बोलते ती दोन बारीक, पीळ दिलेल्या तारांवरून. ते बोलणं तुटलं की मोटर हात वर करते आणि चाक दगडासारखं जड होतं. कुठे तुटलं ते शोधायला गालिचा उचलावा लागतो, एकेक जोड हलवून बघावा लागतो, मीटर लावावा लागतो. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात, आणि शेठचे गुडघे फार नाजूक!

ही गाडी त्याच्या चांगल्या परिचयाची होती. आधी ती औषधवाल्या काकांची. त्यांनाही हाच त्रास. तीनदा आले बिचारे. दर वेळी मशीन सांगायचं, कोड, म्हणजे दोषाची नोंद, जुना आहे, आत्ता दोष नाही. आत्ता नाही! अरे गाढवा, सैल जोड कधी चिकटतो, कधी सुटतो. तो काय तुझ्यासमोर सुटायला मुहूर्त काढून येणार होता? ह्यानं तिन्ही वेळा कोड पुसला आणि "झालं, काका" म्हणाला. चौथ्यांदा पुलाअलीकडच्या वळणावर चाक वळलंच नाही. गाडी खांबावर आदळली. तिसऱ्या दिवशी काका गेले. लोक म्हणाले, वय झालं होतं, आवरली नसेल गाडी. हा निर्लज्जही तेच म्हणाला. वर ती दुरुस्त झालेली गाडी सख्ख्या बहिणीच्या गळ्यात मारली. "घे ताई, माझ्याच हातची आहे."

त्या रात्री तरी शहाणपण सुचावं? नाव नको. पडद्यानं विचारलं, 'पुसू का?' ह्यानं 'हो' दाबलं. कोड गेला आणि परत आला. पुन्हा 'हो'. पुन्हा आला. शेठ चिडला. वाकून त्यानं स्टिअरिंगच्या डब्याचा जोडच उपटला. आता तिथून काही येणं शक्य नव्हतं.

पडद्यावर आलं, 'संपर्क सुरू.'

जोड ह्याच्या हातात... तारा मोकळ्या... आणि डबा बोलतोय.

खाली एक आकडा हलला. चाकावर माणूस किती जोर लावतोय, ते दाखवणारा. चाकाला कुणाचाच हात नव्हता.

दोन. तीन. कुणीतरी सावकाश गाडी चालवत होतं.

पाच. सात. नऊ. कुणीतरी जिवाच्या आकांतानं चाक ओढत होतं.

दहा... दहा... दहा...

शून्य.

मग बराच वेळ काहीच नाही. आणि आपोआप उमटलं, 'पुसू का?'

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं 'नाही' दाबलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच गुडघे टेकून शेजारच्या सीटपुढचा गालिचा उचलला. खाली एसीचं पाणी झिरपून साचलेलं. त्यात तारांचा जोड, पिना गंजून हिरव्या पडलेल्या. अर्ध्या तासाचं काम होतं, आणि तेवढ्यासाठी एक माणूस गेला होता.

तेवढ्यात ताई टॉर्च घेऊन खाली आली. "झालं का रे?"

आणि हा भित्रा काय म्हणाला असेल? "झा..."

आकडा हलला. दोन. चार.

"हे काय आहे?" ताईनं विचारलं.

सात.

"ताई..."

नऊ. चाक करकरलं. दोघांपैकी कुणी हात लावला नव्हता.

"ताई, काका माझ्यामुळे गेले!" तो ओरडला. मग सगळं भडाभडा ओकला. काकांच्या तीन खेपा, तीनदा पुसलेला कोड, न उचललेला गालिचा, सगळं.

आकडा शून्यावर आला. मशीन विझलं.

ताई म्हणाली, "आणि ह्याच गाडीत माझी पोरं बसवणार होतास?" तिनं चावी काढून घेतली. "सकाळी सहाला निघायचंच आहे. पण काकांच्या मुलीकडे, पायी. तू बोलायचंस. मी शेजारी उभी राहीन."

गेला तो. स्वतःच्या मनानं नव्हे, ताईनं नेला म्हणून. काकांच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दुपारी ताईनं मला बोलावलं. शेठही तिथेच उभा होता. जोड मी बदलला. मग चाकाकडे लक्ष गेलं. त्याच्या टणक कडेत बोटं रुतली होती, मऊ कणकेत रुततात तशी. ताई म्हणाली, आदल्या संध्याकाळी तिनं गाडी चालवली तेव्हा तसं काहीच नव्हतं. दोन रुंद पंजे, दोन्ही डावीकडे ओढणारे. काकांचे असतील, असं मी धरून चाललो.

पण तिथे तिसरा पंजा होता. त्या दोघांच्या विरुद्ध ओढणारा, चाक वळू न देणारा.

मी शेठचा हात धरला आणि त्या खुणेवर ठेवला. पाचही बोटं... बरोब्बर बसली.