काकांचं जादा वजन

सुधन्वा दिल्लीतल्या द्वारकेच्या डायलिसिस सेंटरवर पहिल्यांदा आला तो केवळ शेजारचे शर्माजी अडकले होते म्हणून. एरवी त्याच्या वडिलांना, श्रीरंगकाकांना, ठरल्या दिवशी तेच सोडून जात. पण त्या आठवड्यात काकांचं वजन भलतंच वाढलं. किडन्या थकलेल्या माणसाच्या अंगात असं साठतं ते पाणीच. जादा डायलिसिस करावं लागलं, आणि जादा दिवशी शर्माजींना जमत नसल्याने मुलाला ऑफिसातून सुट्टी घ्यावी लागली.

"सिस्टर, डायलिसिसच्या दिवशी सकाळी बीपीची गोळी द्यायची की नाही?" त्याने विचारलं.

"डॉक्टरांनी नंतर द्यायला लिहिलंय. मशीनवर प्रेशर आपोआप उतरतं," तिथली नर्स रुचिता म्हणाली.

"अच्छा..."

पुढच्या आठवड्यात काकांचं वजन पुन्हा वाढलं. तो पुन्हा आला, आणि प्रश्न तोच. मग तिसऱ्यांदाही तोच.

"अहो, लक्षात राहत नाही का तुमच्या?"

"पाठ आहे मला. पण तुमच्याकडून ऐकलं की... बरं वाटतं यार."

रुचिता गालातल्या गालात हसत मशीनकडे वळली. तिलाही बरं वाटलं होतं. फक्त एक कोडं सुटेना. दिल्लीच्या या कडाक्याच्या थंडीत काकांना एवढी तहान लागते कशी?

मग धुक्याच्या एका सकाळी सुधन्वाने काकांना अक्षरशः उचलून आणलं. त्यांना धाप लागली होती, ओठ निळे पडले होते. पाणी फुप्फुसात गेलं होतं. डॉक्टर धावले, रुचिताने ऑक्सिजन लावला, मशीन सुरू केलं. सुधन्वा भिंतीला टेकून उभा होता.

"वाचतील ना?"

तिने क्षणभर त्याचा हात घट्ट धरला.

दुपारपर्यंत काकांचा श्वास ताळ्यावर आला.

"काका, खरं सांगा. चोरून किती पाणी प्यायलात?"

"बरंच." काका खजील झाले. "वजन वाढलं की तू जादा दिवशी बोलावतेस. मग हा येतो. घरी तोंडातून शब्द निघत नाही त्याच्या, पण इथे तुझ्याशी बोलतो. म्हटलं, दोन तांबे पाण्याने पोराचं जमत असेल तर..."

रुचिता सुन्न झाली. दारात सुधन्वा पुतळ्यासारखा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"जीव गेला असता तुमचा," तिचे डोळे भरून आले. "आता ऐका. पुढच्या वेळी वजन वाढलं, तर तुमच्या मुलाने काहीही विचारलं तरी माझं उत्तर 'नाही' असेल."

काकांनी हळूच डोळा किलकिला केला. "आणि नाही वाढलं तर?"

रुचिताचे कान लाल झाले.

पुढच्या खेपेला काकांचं वजन अगदी बेताचं भरलं. त्यांना काट्यावरून उतरवायला शर्माजी नव्हते, सुधन्वा होता.

"आज जादा डायलिसिस नाही," रुचिता म्हणाली. "सुट्टी कशाला घेतलीत?"

"विचारायला," तो म्हणाला. "आणि आज गोळीचं नाही विचारणार."

"मग विचारा ना," ती म्हणाली.