सोसांक

सांगलीच्या लसीकरण केंद्रात लस द्यायच्या आधी माणसाचा सोसांक बघत. सोसांक म्हणजे माणसानं किती सोसलंय याचा रक्तात उमटलेला आकडा. चाळीसच्या आत असला तर दंडात सुई. वर असला तर घरी जा, शांत व्हा, मग या. फुप्फुसज्वरानं गल्लोगल्ली माणसं मरत असताना शांत व्हा! सांगणाऱ्याच्या जिभेला काही हाड?

रत्नमाला मगदूमचा सोसांक एकाहत्तर निघाला.

"निघणारच की!" ती कडाडली. "घरात धाकटा भाऊ आहे, भरतेश. अठरा वर्षं झाली, त्याचं मन ठिकाणावर नाही. जेवणात विष घातलंय म्हणतो. ताटातला पहिला घास मी खाल्ल्याशिवाय अन्नाला शिवत नाही. रात्रभर दारं वाजवतो. मी साड्यांना फॉल-पिको करते आणि त्याला सांभाळते. मी मेले तर त्याच्याकडे कोण बघणार? म्हणून तर लस पाहिजे मला!"

समोर डॉ. विद्याधर हेरवाडकर बसले होते. सोसांक शोधून काढला तो याच गृहस्थानं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

"ताई, ऐका," ते म्हणाले. "लस म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशींना दाखवलेला चोराचा फोटो. पण तुमच्या शरीरात वर्षानुवर्षं 'चोर आला, चोर आला' अशी बोंब चालू आहे. ताणाची रसायनं म्हणजेच ती बोंब. ऐकून ऐकून पेशी बधिर झाल्यात. फोटोकडे बघतच नाहीत. तुम्हाला टोचलेली लस वाया जाईल. आणि लशी आहेत मोजक्या."

"मग हे शोधलंत तरी कशाला?"

"तुमच्यासारख्यांना सरकारनं आधी विसावा द्यावा, मदतीला माणूस द्यावा, म्हणून. अहवालात तसं लिहिलंही होतं मी."

लिहिलं होतं म्हणे! सरकारनं त्यातला सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलला. विसावा द्यायला पैसे लागतात, नाही म्हणायला काय लागतं? बंगल्यात पाय पसरून बसलेल्यांना पहिल्या दिवशी लस मिळाली, आणि नर्सबाया, सफाईवाले, आजाऱ्यांची उस्तवार करणारे रांगेतून परत. ज्यानं सोसलं त्यानंच मरायचं, आणि वर त्यावर शास्त्राचा शिक्का. आग लागो असल्या कारभाराला!

"एक वाट आहे," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "भावाला सहा आठवडे सांभाळ केंद्रात ठेवा. अंक उतरेल. लस घ्या आणि आणा त्याला परत."

रत्नमालानं डॉक्टरांना शिव्या घातल्या, देवाला घातल्या, आणि शेवटी भरतेशला रिक्षात बसवलं. केंद्राच्या दारात तो तिचा पदर धरून उभा राहिला. तिथल्या माणसानं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

सुरुवातीला ती रोज रडली. केंद्रातून निरोप यायचा, जेवत नाही, नळीनं भरवतोय. ती दात-ओठ खात मशीन चालवायची. पण रात्री दारं वाजत नव्हती. एकदा तिला चांगलं उजाडेपर्यंत झोप लागली. एकदा शेजारणीकडे चहाला बसली असताना ती खळखळून हसली, आणि आपल्याच हसण्याला दचकली.

मुदत संपल्यावर रक्त तपासलं. सोसांक एकतीस.

"अभिनंदन, ताई!" डॉक्टर मनापासून म्हणाले.

"चुकलंय. परत काढा."

"अहो, यंत्र चुकत नाही."

"परत काढा म्हणते ना! माझा भाऊ तिकडे नळीनं जेवतोय आणि माझं रक्त थंड? मी काय कसाई आहे?"

परत काढलं. एकतीसच. डॉक्टरांनी लस टोचली. "आता पेशी तयार होईपर्यंत दोन आठवडे थांबा, मग खुशाल आणा भावाला," ते म्हणाले.

"आणणारच आहे! ते तुम्ही नका सांगू मला." तिनं कापसाचा बोळा टेबलावर आपटला. "अठरा वर्षं सगळ्यांना सांगत आले, भरतूचं मला ओझं नाही. त्यालाही सांगितलं. खरंच तसं वाटायचं हो मला! तुम्ही माझंच रक्त काढून मला खोटं पाडलंत. आता त्याला घरी आणीन, न्हाऊ-जेवू घालीन, सगळं करीन. पण तो नव्हता तेव्हा मला बरं वाटलं, हे कसं विसरू? त्याला माणसाच्या चेहऱ्यावरचं सगळं कळतं, डॉक्टर. त्यानं माझ्याकडे बघितलं, की मी तोंड कुठं लपवू?"