चॉक पेंटखालचं तेल

ममताबाईंना एक बाकडं रंगवायचं होतं, बस, काम एवढंच. भिलाईच्या सेक्टरातलं क्वार्टर सोडून लेकीकडे, ईराकडे, पुण्याला जायचं ठरलं होतं. ईरानं फोनवर बजावलं होतं, "आई, बाकडं आणू आपण, पर वो तेल का काला दाग नहीं चलेगा. चॉक पेंट पाठवून राहिली मी. घासायचं नाही, काही नाही. सीधा ब्रश मार."

आता त्या डागाचं सांगायला पाहिजे. देवेंद्रराव, म्हणजे ममताबाईंचे यजमान, पोलादाच्या प्लांटमधून आले की व्हरांड्यातल्या त्या बाकड्यावर बसून उंच पाठीला डोकं टेकवायचे. दर रविवारी ममताबाई मागं उभ्या राहून त्यांच्या डोक्याला कोमट खोबरेल चोळायच्या. ते डोळे मिटून म्हणायचे, "बस ना वं जराशी बाजूले." बसणार कुठून? गॅसवर भाजी असायची. बाईला कधी सवड झालीच नाही. मग एक दिवस ते गेले. बाकड्याच्या पाठीवर काळपट गोल डाग तेवढा राहिला, आणि तेव्हापासून ममताबाईंनी स्वतःच्या डोक्याला तेलाचं बोट लावलं नव्हतं.

दुपारी त्यांनी डबा उघडला. रंग फिकट राखाडी, ओल्या खडूच्या वासाचा. बाकड्याच्या पाठीवर फासला, तो बघता बघता वाळला आणि पाटीसारखा कोरडा झाला. डाग पार दिसेनासा झाला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, शेजारची अर्धी क्वार्टरं कुलूपबंद. ममताबाई समोर स्टुलावर चहा घेऊन बसल्या आणि त्यांना एकदम रडू आलं. डागसुद्धा उरला नाही, असं वाटलं.

सकाळी डाग परत वर आला होता.

"तेल पिऊन बसलंय लाकूड," मागच्या गल्लीतल्या राधाबाई म्हणाल्या. "आधी सोड्यानं धुवाले पायजे होतं. वरून कितीही रंग मारशील, तेल वर येतेच."

ममताबाईंनी सोड्यानं धुतलं, पुन्हा रंग दिला. डाग पुन्हा आला. खरं सांगायचं तर बाईचा जीव सुखावला. घरात कोणीतरी आहे असं वाटायला लागलं. चहा पिता पिता त्या बोलायच्यासुद्धा, "तुमाले जायचं नाही दिसते इथून..."

मग रविवार आला. आता जे केलं त्याला हसू नका, एकट्या माणसाचे हात सवयीनं चालतात. त्यांनी वाटीत खोबरेल कोमट केलं, बाकड्यामागं उभ्या राहिल्या, तळव्यावर ओतलं आणि हात रिकाम्या जागेवर धरले. थेंब खाली पडला नाही. तळवे मात्र कोरडे झाले, शिकेकाईनं धुतल्यासारखे कोरडे.

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. "मलेही घेऊन चला ना..." त्या पुटपुटल्या. "लय एकटं वाटते हो..."

बोलून गेल्या. आता काय!

दुसऱ्या दिवशी पाठीवर दोन डाग होते. एक देवेंद्ररावांचा, वरचा, नेहमीचा. दुसरा शेजारी, वीतभर खाली... बरोबर ममताबाईंचं डोकं टेकेल तिथं. ओला होता. या बाकड्यावर त्या आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या.

तेव्हा मात्र बाई दोन पावलं मागं सरल्या. आपल्याला मरायचं नाहीये, हे त्यांना लख्ख कळलं. ईराकडे जायचंय, माणसांत जायचंय, कोणाशी तरी भांडत चहा प्यायचाय. त्यांनी फक्त दुसऱ्या डागावर रंग चढवला. वाळला, की डाग वर. परत रंग, परत डाग. शेवटी डबा खरवडला तरी तो तिथंच. त्या दिवसापासून त्या व्हरांड्यात फिरकल्याच नाहीत. दाराला आतून कडी लावून घेतली.

ईरा आली ती गाडी घेऊनच. सामान चढायला लागलं. ममताबाई पिशवी छातीशी धरून फाटकापाशी उभ्या होत्या.

"ते बाकडं राहू दे इथंच," त्या म्हणाल्या.

"कावून? उसी के लिए तो इतना किया ना! आणि बघ, रंग देऊनही दोन दोन डाग! तू बाबांच्या बाजूला बसत होतीस ना, आई?"

"नाही... कधीच नाही."

"चल, झूठ!" ईरा हसली आणि तिनं आईला मिठीत घेतलं. ममताबाईंनी डोळे मिटले. किती दिवसांनी माणसाचा स्पर्श! आता सुटले, असं वाटलं त्यांना.

ईरानं आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो पुढं धरून पाहिला. बोटं चकचकत होती.

"चांगलं केलंस, तेल लावायला लागलीस ते," ती म्हणाली. "कोमट आहे गं अजून... कोणी लावून दिलं?"