सोजरमावशीची बातमी

२००८ सालची गोष्ट. मी दौंडला रेल्वेच्या कार्यालयात क्लार्क होते. जेवणाच्या सुट्टीत स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत जाऊन ऑर्कुट उघडायचं, त्यावर ओळखीच्यांचे निरोप वाचायचे, एवढीच माझी चैन.

त्या सोमवारी माझ्या मैत्रिणीचा, प्रगतीचा निरोप होता: ‘सोजरमावशी गेल्याचं कळलं. उद्या दहाला वडगाव रासाईला येतेय.’

मी तिथूनच मावशीच्या घरी फोन लावला. तिनंच उचलला.

“मी गेले? कुठं गं?” ती हसली. मागं कुकरची शिट्टी झाली.

मग मी बातमी कुठून निघाली ते शोधायला बसले. प्रगतीला आमच्याच ओळखीतल्या जयसिंगनं कळवलं होतं, त्याला त्यातल्याच साधनानं, साधनाला मावशीच्या मुलानं, सुमितनं. सुमित पुण्यात कंपनीत होता. त्याला फोन केला तर म्हणाला, “मला प्रगतीनं लिहिलं. ताई, एवढ्या जणांनी कळवलंय. खोटं कसं असंल?”

“घरी फोन कर की!”

“आता कुणाला करू?” तो रडत होता.

मी ओळखीच्या चौतीस जणांना लिहिलं: ‘मावशी ठणठणीत आहे. मी आत्ताच बोलले.’ सगळ्यांची उत्तरं आली. धीर धर. स्वतःला सांभाळ.

मंगळवारी सकाळी जीपनं वडगावला पोचले. अंगणात पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसलेल्या. त्यांच्यामधून मावशी चहाचा ट्रे घेऊन फिरत होती.

“सकाळधरनं कुणी घेतच न्हाई गं,” ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. गरम होता. सुमितला दंडाला धरून हलवलं. “अरे, ही बघ समोर!”

त्यानं मला जवळ घेतलं. “रडून घे, ताई.”

म्हाळूकाका, मावशीचे यजमान, तेवढ्यात रानातनं आले. त्यांनी तिच्या हातून कप घेतला. “काय झालं गं? येवढी माणसं कशापायी?”

मला हायसं वाटलं.

सुमित त्यांच्याजवळ बसला आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलला.

“न्हाई, न्हाई,” काका मान हलवत राहिले.

मग जयसिंग आला. साधना आली. प्रगती आली. एकेकानं त्यांचे हात हातात घेतले.

काकांनी कप खाली ठेवला. मावशी त्यांच्या पुढ्यातच उभी होती.

“गौतमी,” ते मला म्हणाले, “सोजर शेवटाला काय बोलली का गं?”

“आवं, मी हितंच हाय,” मावशी म्हणाली.

कुणीही वर पाहिलं नाही.

बाहेर आणखी एक जीप थांबली. बायका आत येऊ लागल्या. मावशीनं डोक्यावर पदर घेतला आणि त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून भिंतीकडं सरकली.